फाईलवर 'अबॉर्शन' लिहिलंय, ते पान काढून टाकू का? आणि बाकीचे शब्द पण कुणीतरी समजावून सांगा

तासगावची_लेक

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ. मला ३१ वा आठवडा चालू आहे, गेल्या आठवड्यात माहेरी आलेय तासगावला, हे नोकरीमुळं पुण्यातच असतात. फाईल पुण्याच्या दवाखान्यातली, सगळी इंग्रजीत. इथं आशाताईंनी कार्ड दिलंय ते मराठीत आणि आई बोलते ते तिसरंच काहीतरी, त्यामुळं माझं डोकं चालेनासं झालंय.

परवा आतेसासूबाई भेटायला आल्या होत्या. फाईल कॉटवरच होती, त्यांनी चाळायला घेतली आणि जुन्या सोनोग्राफीच्या पानावर बोट ठेवून सगळ्यांसमोर विचारलं, "हे अबॉर्शन कशाला केलं होतंस गं?" त्या पानावर 'मिस्ड अबॉर्शन' असं लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी मला दिवस गेले होते, नवव्या आठवड्यात ठोकेच दिसले नाहीत आणि मग पिशवी साफ करावी लागली. मी काही केलं नव्हतं हो. आईनं सांगायचा प्रयत्न केला पण त्या म्हणाल्या कागद काय खोटं बोलतो का. तेव्हापासून मला नीट झोप नाही. ते पान फाईलमधून काढून टाकू का? आता ह्या वेळच्या बाळाशी त्याचा काय संबंध आहे?

बाकी फाईलवर जे लिहिलंय ते तसंच्या तसं लिहिते: जी २ पी ० एल ० ए १. एलएमपी १४ ऑक्टोबर, ईडीडी २१ जुलै. ब्रीच. प्लासेंटा अँटिरिअर. एएफआय १२. एचबी ९.६. ओ निगेटिव्ह, आयसीटी निगेटिव्ह. दोन दोन ठिकाणी निगेटिव्ह बघून आईनं देव पाण्यात ठेवलेत. आणि मूल पायाकडून आहे हे कळल्यावर पायाळू होणार म्हणून वळवाच्या विजांची काळजी तिनं आत्तापासूनच सुरू केलीय. शेजारच्या काकू म्हणतात अँटिरिअर म्हणजे मुलगी. डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत पण बाहेर एवढी गर्दी असते की आत गेल्यावर माझ्या तोंडातून शब्दच फुटत नाही.

दोन_लेकरांची_माय (नाशिक)

अगं आधी शांत हो. माझ्या फाईलवर पण ए १ आहे. माझं पहिलं अकराव्या आठवड्यात गेलं, त्याच्यानंतर दोन्ही मुलं व्यवस्थित झाली, मोठा आता पाचवीत आहे. मला तेव्हा सगळ्यांनी विचारलं की बादली उचललीस का, पपई खाल्लीस का, स्कूटीवरून गेलीस का, आणि मी कितीतरी महिने मनातल्या मनात त्या दिवसांचा हिशोब करत बसायचे की नक्की कुठल्या दिवशी माझं चुकलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं की एवढ्या लवकर जातं तेव्हा बहुतेक वेळा त्या गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, तो वाढणारच नसतो, आईनं काही केलं न केलं ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. हे वाक्य मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून तुला लगेच लिहितेय.

आणि दुसऱ्या वेळेला मला आठव्या आठवड्यात थोडं लाल गेलं तर कागदावर 'थ्रेटन्ड अबॉर्शन' लिहून दिलं. मी रिक्षात ते वाचून रडायलाच लागले, मला वाटलं संपलं. थ्रेटन्ड म्हणजे नुसता धोका आहे, ठोके चालू आहेत, आराम करा, एवढंच. तीच माझी धाकटी.

पानाचं मला माहीत नाही, सिस्टर येतील त्यांना विचार.

सिस्टर_कोल्हापूर

पोरी, ते पान अजिबात काढू नकोस. का ते सांगते, पण त्याच्या आधी शब्द.

मी तीस वर्षांच्या वर उपकेंद्रावर नर्सबाई म्हणून काम केलंय, आता रिटायर आहे. डॉक्टरी भाषेत बाळ बाहेर जगू शकेल त्याच्या आधी गर्भ गेला की त्याला अबॉर्शनच म्हणायची पद्धत आहे, मग तो आपोआप जाऊदे नाहीतर मुद्दाम काढलेला असूदे. मिस्ड अबॉर्शन म्हणजे गर्भाची वाढ आतल्या आत थांबलेली आहे पण शरीराला अजून कळलेलं नाही, रक्तस्राव नाही, कळ नाही, म्हणून पिशवी साफ करावी लागते. स्वतःहून करून घेतात त्याला कागदावर एमटीपी लिहितात, त्याचा कायदा १९७१ चा आहे, आणि त्या कायद्यात बसवून केलं तर तो काही गुन्हा नव्हे, पण तुझ्याबाबतीत तसं झालेलंच नाही. आपल्या मराठीत निदान 'पडलं' आणि 'पाडलं' असे दोन शब्द आहेत. एका कान्याचा फरक, पण त्या कान्यात बाईची सगळी बाजू आली. इंग्रजी फाईलीत तो काना नाही. आपल्या सरकारी मराठीत तरी कुठं आहे, तिथंही दोन्हीला 'गर्भपात'च. आतेसासूबाईंना सांग, कागद खोटं बोलत नाही, फक्त त्या कागदाला काना नाही. हल्ली बरेच डॉक्टर मिसकॅरेज असं लिहितात ते ह्याचसाठी.

जी २ म्हणजे दिवस जायची ही दुसरी वेळ. पी म्हणजे बाळंतपणं किती झाली, एल म्हणजे हयात मुलं किती, ए म्हणजे वर सांगितलं ते. चार अक्षरांत तुझी सगळी कहाणी असते, रात्री दोन वाजता कळा घेऊन नवीन दवाखान्यात गेलीस तर ड्युटीवरची मुलगी पहिली तीच ओळ बघणार.

एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की ईडीडी येते, म्हणजे अंदाजे तारीख. १४ ऑक्टोबरची २१ जुलै, करून बघ, बरोबर २८० दिवस होतात. आपण पूर्वीपासून नऊ महिने नऊ दिवस म्हणतोच. पण ती तारीख म्हणजे काही लग्नाचा मुहूर्त नव्हे, ३७ आठवडे पुरे झाले की बाळ पुऱ्या दिवसांचं धरतात. आई म्हणत असेल आठवा लागला, बरोबर आहे तिचं. आणि 'सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. पोटात जितके जास्त दिवस राहील तितकी फुप्फुसं पक्की होतात, त्यामुळं आठव्यातलं मूल सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बळकट.

ब्रीच म्हणजे आत्ता ढुंगण किंवा पाय खाली आहेत, डोकं वर आहे. ३१ आठवड्याला कितीतरी मुलं अशीच असतात आणि मग फिरतात, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी राहतात. ३६ व्या आठवड्याला परत बघतील. पायाळू हा शब्द पायाकडून जन्मलेल्या माणसाला आहे, पोटातल्या बाळाला नव्हे, तेव्हा आईला सांग अजून कुणी पायाळू झालेलं नाही. आणि झालंच तरी वीज काही माणूस कसा जन्मला ते बघून पडत नाही. आमच्याकडं तर पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायला लोक येतात. फक्त एक गोष्ट आहे, तसंच राहिलं तर घरात किंवा लहान ठिकाणी बाळंतपण करायचं नाही, सिझेरियनची सोय असलेल्या ठिकाणी आधीच नाव घालून ठेवायचं. आणि पोट चोळून मूल फिरवते म्हणणाऱ्या कुणालाही हात लावू द्यायचा नाही, वार सुटते.

प्लासेंटा म्हणजे वार. अँटिरिअर म्हणजे वार पिशवीच्या पुढच्या भिंतीला चिकटलेली आहे. त्यामुळं बाळाची लाथ जरा उशिरा आणि मऊ जाणवते, मध्ये उशी असल्यासारखी. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते 'प्रीव्हिया' लिहिलं असेल तर, म्हणजे वार तोंडावर आलेली असते. मुलगी की मुलगा ह्याचा वारेशी काडीचाही संबंध नाही, आणि काकूंना हे जरा स्पष्टच सांग. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ ला आपल्या महाराष्ट्रानं केला, देशाचा १९९४ ला आला, आणि तो का करावा लागला ते मी आमच्या भागात डोळ्यांनी बघितलंय. जन्माच्या रजिस्टरात एका बाजूला मुलींची नावं कमी कमी होत गेलेली मी स्वतःच्या हातानं लिहिलीत. त्यामुळं 'अमुक म्हणजे मुलगी' असं सहज बोललेलं पण मला सहन होत नाही.

एएफआय म्हणजे बाळाभोवतीचं पाणी, १२ म्हणजे छान आहे, ५ च्या खाली गेलं की काळजी.

एचबी म्हणजे हिमोग्लोबिन, ते ९.६ मात्र कमी आहे हं. गरोदरपणात ११ च्या वर पाहिजे. लोहाची लाल गोळी चालू असेलच, ती लिंबूपाण्याबरोबर घे, तिच्या आधी-नंतर तासभर चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी गिळायची नाही, एक सकाळी एक रात्री असं कर. संडास काळी होते, ती होणारच. डोस वाढवायचा का ते मॅडमना विचार. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, तिथंही जाऊन ये. जोखीम असली तर कार्डावर लाल स्टिकर लावतील, ते बघून घरच्यांनी हाय खायची नाही, ते आमच्यासाठी असतं, ही बाई रांगेत ताटकळायला नको म्हणून.

आता एक गोष्ट मला सांगायचीच आहे, फाईलीत नसलेल्या शब्दाची. 'अंगावरनं जातंय.' आपल्या बायका पांढरं गेलं तरी हेच म्हणतात, लाल गेलं तरी हेच, पाणी गेलं तरी हेच. एकदा संध्याकाळी मला फोन आला, सिस्टर, सुनेच्या अंगावरनं जायलंय, सकाळी आणू का? सासूचा आवाज अगदी निवांत होता. मी विचारलं पांढरं का लाल? म्हणाल्या पांढरंच, पण परकर दोनदा बदलला. दोनदा म्हटल्यावर मी ताटावरनं उठले. जाऊन बघते तर मोरीत पोरगी भिंतीला धरून उभी, पायावरनं धार लागलेली, पाणमोट फुटलेली, आणि दिवस ३४ आठवड्यांचे. १०२ ला फोन केला, गाडी आली, जिल्ह्याला नेलं, बाळ १ किलो ९०० चं झालं, काचेत ठेवलं आणि जगलं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर जंतुसंसर्ग झाला असता. म्हणून सांगते, फोन करताना रंग सांगायचा, किती कपडे भिजले ते सांगायचं. हिरवट असेल तर एक मिनिट थांबायचं नाही. तसंच डोकं ठणकणं, डोळ्यापुढं काजवे, तोंडावर सूज, हे एकत्र आलं तर 'दिवसात असं होतंच' म्हणून झोपायचं नाही, बीपी बघायचं, १४० वर ९० किंवा त्याच्या पुढं असलं की दवाखाना.

राहिले ते दोन निगेटिव्ह. त्याच्यासाठीच ते पान लागणार आहे. त्यावर साफ केल्यानंतर कुठलं इंजेक्शन दिलंय का बघ आणि इथं लिही.

लेस्टरची_वहिनी

सिस्टर किती छान लिहिलंत. मी इंग्लंडमध्ये असते, इथे सगळं फक्त आठवड्यांत बोलतात, महिना कुणी विचारतच नाही. माझ्या सासूबाई सोलापूरहून फोनवर विचारायच्या कितवा लागला आणि मी म्हणायचे २२ आठवडे झाले, मग त्या गप्प. शेवटी मी कॅलेंडरवर दोन्ही लिहून फोटो पाठवला. चार आठवडे म्हणजे महिना असं धरलं की दहा महिने होतात, तिथेच सगळा गोंधळ होतो.

बाळाच्या हालचालीबद्दल एक सांगते. इथे मिडवाईफ आकडा देत नाही की दिवसात इतक्या लाथा पाहिजेत, ती म्हणते तुझ्या बाळाची जी रोजची लय आहे ती ओळख आणि ती कमी झाली की त्याच दिवशी फोन कर, उद्यावर टाकू नकोस. वार पुढे असली तरी हाच नियम, 'वारेमुळे कळत नसेल' असं म्हणून गप्प बसायचं नाही.

जन्मानंतर एक लाल वही देतात, सगळे रेड बुकच म्हणतात तिला. त्यात वजनाच्या रेघा असतात, त्यांना सेंटाईल म्हणतात. माझा मुलगा ९ व्या रेघेवर होता आणि मला वाटलं शंभरात ९ मार्क मिळाले! त्याचा अर्थ एवढाच की त्याच वयाच्या शंभर मुलांत साधारण ९ त्याच्यापेक्षा हलकी. बाळ स्वतःच्या रेघेला धरून वर चाललंय ना, एवढंच हेल्थ व्हिजिटर, म्हणजे इथली लहान बाळांची नर्स, बघते, भरभर रेघा ओलांडून खाली आलं तर मग तपासतात.

बाबा_होणार_२

मध्येच विचारतो, माफ करा. बायकोचा डबल मार्कर आलाय, १:१८०, हाय रिस्क असं लाल अक्षरात लिहिलंय. १३ वा आठवडा आहे. घरात कुणीच जेवलं नाहीये कालपासून.

लेस्टरची_वहिनी

जेवून घ्या आधी. डबल मार्कर म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता किती ते सांगणारी तपासणी. १:१८० म्हणजे अशा १८० बायकांत एका बाळाला तो दोष असण्याची शक्यता, १७९ जणींना नाही. ती चाळणी आहे, निदान नव्हे. भारतात बऱ्याच लॅब १:२५० ची रेघ धरतात म्हणून लाल आलं, इथे १:१५० धरतात, म्हणजे हाच आकडा इथे लो रिस्कमध्ये गेला असता. पण दुर्लक्ष पण करू नका, डॉक्टरांना एनआयपीटीबद्दल विचारा, ती आईच्या रक्तावरून होते, बाळाला काही टोचत नाहीत. खात्रीचं निदान हवं असेल तर पाणी काढून तपासतात, ते पुढचं पाऊल, त्याचा निर्णय डॉक्टरांशी नीट बसून बोलून घ्यायचा.

अंगणवाडीताई_धडगाव

मी सेविका आहे, नंदुरबार जिल्ह्यात. इथं बायका पावरी, भिली बोलतात, त्यामुळं शब्दांचा त्रास मला रोजचाच आहे. तासगावच्या ताई, तुमचं बाळ यायचंय, पण आल्यावर जे शब्द कानावर पडतील ते आत्ताच सांगून ठेवते कारण नंतर तुम्हाला वाचायला वेळ नाही मिळणार.

पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर दूध येतं ते चीक, ते काढून फेकायला सांगतील, फेकायचं नाही, पहिल्या तासातच पाजायचं. तोवर मध, साखरपाणी काही नाही. गुटीपण सहा महिने नको. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतं, सगळ्यांचं उतरतं, दहा-बारा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं, तेवढ्यात 'तुझं दूध पुरत नाही' म्हणून वरचं दूध सुरू करतील, त्यांना थांबवा.

लसीच्या कार्डावर पेंटा असेल, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला. त्यात आपले जुने सगळे आले, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, शिवाय कावीळ ब आणि हिब. आजीला पेंटा म्हटलं तर ती दारातून परत पाठवते, घटसर्पाची सुई म्हटलं की स्वतः बाळ घेऊन येते, कारण तिनं घटसर्पानं गेलेलं मूल बघितलेलं असतं. एमआर म्हणजे गोवर आणि रुबेला, नऊ महिने झाले की.

सॅम आणि मॅम हे शब्द आमच्या तोंडात दिवसभर असतात. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम. दंडाला पट्टी लावतो, सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आला तर लाल, साडेबाराच्या आत पिवळा, त्याच्या वर हिरवा. 'सुकतंय', 'अंग धरत नाही' असं आई म्हणते ते हेच. 'मान धरली', 'पालथं पडलं', 'बसतं केलं', 'रांगतंय' हे तुम्ही म्हणाल ते डॉक्टरांच्या फाईलीत माईलस्टोन म्हणून जातं, तारखा लिहून ठेवा.

आणि टाळू. हे जरा लांबण लावून सांगते. मागच्या उन्हाळ्यात एका पाड्यावर गेले तर आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन आजी बसली होती आणि टाळूवर कोमट तेल थापत होती. म्हणाली, टाळू बसली, वर काढते. मी हात लावला तर खरंच टाळूत बोट मावेल असा खड्डा, ओठ कोरडे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली गेली. आदल्या दिवसापासून जुलाब होते. आजीनं ओळखलं ते शंभर टक्के बरोबर होतं, अंगातलं पाणी संपलं की टाळू बसते, डॉक्टर त्याला डिहायड्रेशन म्हणतात. फक्त तेलानं ती वर येत नाही, पाण्यानं येते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची एक पुडी, मी गाडीची वाट बघत वाटी-चमच्यानं पाजत बसले, आजीला पण एक चमचा दिला, आम्ही दोघी आलटून पालटून. पुढं झिंकची गोळी १४ दिवस. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. आता त्या पाड्यावर कुणाची टाळू बसली तर आजी स्वतः माझ्याकडं पुडी मागायला येते. मी तिला डिहायड्रेशन हा शब्द शिकवलेला नाही. तिचा शब्द चांगला आहे.

तासगावची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार. दुपारपासून तीनदा वाचलं. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, देव पाण्यातून काढलेत, आता ती ओआरएसच्या पुड्या आणून ठेवायचं म्हणतेय.

सिस्टर, पान बघितलं. खाली पेनानं बारीक अक्षरात लिहिलंय, इंजे. अँटी-डी दिले, आणि तारीख, साफ केलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. ह्या वेळी २८ व्या आठवड्यात पण दिलं होतं, बरंच महाग होतं, हे म्हणाले होते इतकं महाग कशाला लागतं विचार, मी विचारलं नव्हतं. ह्यांचं रक्त बी पॉझिटिव्ह आहे.

सिस्टर_कोल्हापूर

तेच बघायचं होतं मला. तू निगेटिव्ह, तो पॉझिटिव्ह, म्हणजे बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. आधीच्या वेळी त्या गर्भाचं थोडं रक्त तुझ्या रक्तात मिसळलं असतं तर तुझं शरीर पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध लढायला शिकलं असतं आणि ह्या वेळच्या बाळाचं रक्त फोडलं असतं. ते होऊ नये म्हणून अँटी-डी. आणि आयसीटी ही तुझ्या रक्तात तसं लढणारं काही तयार झालंय का ते बघायची तपासणी, ती निगेटिव्ह म्हणजे तसं काही झालेलं नाही, म्हणजे हे निगेटिव्ह चांगलं आहे. म्हणजे तुझ्या ह्या बाळाची काळजी घ्यायला त्या पानापासूनच सुरुवात झालीय.

बाळ झालं की त्याचा रक्तगट लगेच तपासायला सांग. पॉझिटिव्ह निघाला तर तुला ७२ तासांच्या आत परत एक इंजेक्शन. गडबडीत विसरतात, म्हणून मिस्टरांना सांगून ठेव, आणि आशाताईंच्या कार्डावर पण 'ओ निगेटिव्ह' ठळक लिहून घे. ते पान फाईलीत सगळ्यात वर लाव. ९ जूनला जाशील तेव्हा एचबी परत कर आणि आकडा इथं टाक.